मागची फळी

इक्बाल मन्सूरी सांवेर रोडला पाण्याच्या टाक्या ओततो,
घसरगुंड्या, नवरात्रातले सिंह,
आणि वर्षातून एखादी होडी.
त्याच्या शेडमध्ये दोन पालथ्या पडलेल्या.
एक परातीसारखी ऐसपैस,
दुसरी शेवग्याची शेंग.

मोटर लावायची तर परात घ्या, तो म्हणाला.
वल्हवायची तर शेंग.
मला दोन्ही करायचंय म्हटल्यावर
त्यानं चहा मागवला.

यशवंत सागराच्या पार त्या टोकाला,
जिथे पाणी संपून चिखल सुरू होतो,
तिथे सारस उतरतात. मी मोजते.
अकरा वर्षं मोजतेय, उधारीच्या होडीतून.
इंजिन त्यांना फार लांबून कळतं.
वल्हंही कळतं, पण खपतं.
म्हणून जाताना वल्हं: पाठ पक्ष्यांकडे,
तोंड सोडून आलेल्या काठाकडे.
परतताना वारा समोर येऊन उभा राहतो
आणि माझा उजवा खांदा सत्तर वर्षांचा होतो,
बाकीची मी त्रेसष्टचीच.

भाचा श्रीरंग म्हणाला, मावशी, दहा घोड्यांचं घे.
दहा घोडे बांधायचे कुठे रे?
मला दोन पुरेत. शिंगरंच खरं तर.

मग गेंदालाल केवटाला विचारलं, धरणाच्या भिंतीखाली
जाळं उकलत बसला होता तेव्हा.
मोबाइलवर दोन्ही होड्या दाखवल्या.
त्यानं पुढचं टोक पाहिलंच नाही.
"नाव के मूंडा से मत देखो, बई,
पूंछ से देखो."

पुढचं टोक पाणी कापतं, ते सगळ्यांना दिसतं.
मागची फळी पाणी सोडते.
ती पाण्यात बुडालेली असली
की पाणी सुटत नाही, भोवरे करत मागे लागतं,
वाण्याच्या पोऱ्यासारखं, वही घेऊन.
वल्हवणाऱ्याला ती वर उचललेली हवी.
मोटरला मात्र ती रुंद हवी, बूड टेकून वजन पेलणारी,
नाहीतर मागून होडी खाली बसते.

हे सगळं इक्बालला सांगताना शब्द सापडेना,
तेव्हा पिशवीतलं फुलपात्र काढून
त्याच्या टेबलावर ठेवलं.
"ये तो गिलास है, मॅडम."
गिलासच. पण उभा अर्धा कापलेला बघ.
खाली निमुळता, वर पसरट.
रिकामी असताना खालच्या अंगानं पाणी सोडेल,
मोटर बसली, थोडी दबली,
की वरचं अंग पाण्याला टेकेल.

इक्बालनं फुलपात्र आडवं केलं, उभं केलं,
डोळ्याला लावून छताकडे पाहिलं.
"परत देणार नाही," म्हणाला, "साचा होईपर्यंत."

दोन महिने मी घरी कपातून पाणी प्यायले.

लांबी साडेअकरा फूट. मागे पंधरा इंच उंची,
आत सागवानी फळी, पकड घट्ट बसावी म्हणून.
तळाला शेपटाकडे एक पातळ पातं, सरळ चालायला.
आडणीच्या खुंट्या बैठकीच्या मागे एक वीत चार बोटं,
ही वीत माझी, इक्बालची नव्हे,
यावरून थोडं वाजलंही.

मोटर चालवताना मी मागे बसणार,
मग होडी नाक वर करणार, नव्या सासूसारखी.
त्यावर उपाय: पुढे पाण्याचा वीस लिटरचा कॅन.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी निघाले.
मोटर वर उचललेली, गप्प.
वल्हं बाहेर आलं की टोकावरून थेंबांची एक रांग,
आणि मागे, पहिल्यांदाच, काही नाही.
भोवरा नाही, बुडबुडा नाही,
नुसती एक घडी, इस्त्रीतून निघालेली.

सारस सतरा. एकानं मान उचलली,
मला पाहिलं, पुन्हा चिखलात घातली.
अठरावा पाणवेलींमागे असेल. लिहिला नाही.

परतताना चौथ्या हिसक्याला मोटर लागली.
वारा आला, होडी पुढे झेपावली,
आणि न बांधलेला कॅन
घरंगळत थेट माझ्या पायाशी.
नाक असं वर गेलं
की हातोद दिसेना, धरण दिसेना,
नुसतं आभाळ, त्यात मी वल्ही सांभाळत.

वहीत सतराच्या खाली लिहिलं:
दोरी, दीड मीटर.